ख्राइस्टचर्चचं बोलावणं

१ मे, गुरुवार

जेवायला बसल्यावर क्षितिजने सांगितलं की ख्राइस्टचर्चच्या लूथरन मंडळीने त्याला पाळक म्हणून बोलावलं आहे. मी वाढत होते. आमटी आणखी हवी का विचारलं. तो हो म्हणाला. मग दोघंही जेवलो.

आमच्यात पाळक अर्ज करत नाही. ज्या मंडळीला पाळक नाही ती सभा घेते, एक नाव ठरवते आणि त्याला बोलावणं धाडते. सही माणसांची असली तरी बोलावणं देवाचं मानायचं. मग पाळकाने काही आठवडे प्रार्थना करायची, आपल्या लोकांचं ऐकायचं, आणि जातो की राहतो ते दोन्हीकडे कळवायचं. क्षितिजला पामर्स्टन नॉर्थमध्ये सात वर्षं झाली. बोलावणं पहिल्यांदाच आलं.

आम्ही जालन्याहून आलो तेव्हा तो बारा वर्षांचा होता. ह्यांना इथे दुधाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. गाडी नव्हती, म्हणून पहिल्या रविवारी चालत जाता येईल असं देऊळ शोधलं. ते लूथरन निघालं. डॅनिश आणि जर्मन शेतकऱ्यांची नातवंडं-पतवंडं, तीही म्हातारी झालेली. कुठून आलात, का आलात, कोणी विचारलं नाही. सरकून बसायला जागा दिली आणि नंतर चहा दिला. हे घरी येताना म्हणाले, इथे बरं आहे. तेव्हापासून आम्ही इथले. क्षितिज पुढे ऑस्ट्रेलियाला जाऊन शिकला आणि त्याची पहिली नेमणूक याच देवळात झाली. ह्यांनी त्याची प्रवचनं चार वर्षं ऐकली. मग हे गेले.

ताटं उचलताना क्षितिज म्हणाला, "आई, तिकडे रिकार्टनला इंडियन दुकानं आहेत. हीप्स, म्हणजे ढिगाने. ताजा कढीपत्ता मिळेल तुला. चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल की.

म्हणजे त्याला जायचं आहे. मुलगा आहे माझा, मला कळतं.

४ मे, रविवार

उपासनेनंतर सूचना झाल्या. क्षितिजने बोलावण्याचं सांगितलं. म्हणाला, मला तुमचं मत हवं आहे, जे वाटेल ते येऊन सांगा, मी ऐकायला बसलो आहे.

मंडळीच्या अध्यक्ष नोएलीन. शाळेत मुख्याध्यापिका होत्या, अजून तशाच उभ्या राहतात. त्या उठून म्हणाल्या, "आम्ही तुम्हाला त्रास देणार नाही, पास्टर. शांतपणे ठरवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग चहा. चहाला रग्बी, पाऊस, आणि कोणाच्या तरी गुडघ्याचं ऑपरेशन. बोलावण्याबद्दल एक शब्द नाही.

क्षितिज हातात कप धरून दारापाशी उभा होता, कोणी येतं का बघत. मंडळीतला कॉलिन आला, पण तो म्हणाला की मागचं गेट करकरतं, तेल घालायला हवं.

सात वर्षं या माणसांची लग्नं लावली, मयती केल्या, दवाखान्यात जाऊन बसला. मला थोडं वाईट वाटलं. असो.

६ मे, मंगळवार

ह्यांच्याकडे जाऊन आले. केल्विन ग्रोव्हच्या दफनभूमीपर्यंत बस जाते, त्यामुळे सोपं पडतं. कौन्सिलने गवत कापलं होतं. दगडावर शेवाळ धरतं दक्षिणेच्या बाजूने, ते ब्रशने काढलं. गुडघ्याचं, दह्याचं, आमच्या ओळखीच्या विनिताच्या नव्या गाडीचं सगळं सांगितलं. बोलावण्याचं सांगितलं नाही. नक्की काही ठरलेलं नाही, उगाच कशाला.

घरी येऊन ईल माशांवरचं पुस्तक वाचलं. लायब्ररीतून आणलंय, मोठ्या अक्षरांचं. मी सातवी शिकलेली. इंग्रजी वाचायला इथे आल्यावर शिकले, आधी दुधाच्या डब्यावरचं, मग पेपर, मग पुस्तकं. डिक्शनरी शेजारी लागते अजून. हे मासे एकाच ओढ्यात पन्नास-साठ वर्षं राहतात आणि मग एक दिवस समुद्राकडे निघतात, ते परत येत नाहीत. का, ते शास्त्रज्ञांनाही नीट माहीत नाही असं लिहिलंय. पुढचं प्रकरण नाही वाचलं.

९ मे, शुक्रवार

विनिता संध्याकाळी आली. पुण्याची आहे, इथे संशोधन संस्थेत कॉम्प्युटरचं काम करते. हिंदू आहे, पण नाताळला आमच्याकडे आणि संक्रांतीला मी तिच्याकडे. तिला बोलावण्याचं सांगितलं. तिला ही पद्धत फार मजेशीर वाटली.

"काकू, म्हणजे हेडहंटिंगच की. मग सध्याच्या कंपनीने काउंटर-ऑफर द्यायची ना. इथल्या लोकांनी काय दिली?"

मी म्हटलं, मंडळी म्हणजे कंपनी नव्हे, आणि काही दिली नाही.

"काहीच नाही? मग क्षितिजने निघावं. आमच्या ऑफिसात मी राजीनामा देते म्हटल्यावर बॉस गप्प बसला, तर मी त्याच दिवशी टेबल आवरीन."

मग तिने विचारलं की मला स्वतःला काय हवंय. मी म्हटलं, पाळकाच्या आईने त्यात पडायचं नसतं. आईच्या शब्दावरून बोलावणं नाकारलं असं उद्या कोणी म्हणायला नको. हे असते तरी हेच म्हणाले असते. विनिता म्हणाली, काका असते तर काका बोलले असते. तिला काय माहीत. पोहे छान झाले होते.

१२ मे, सोमवार

काल मातृदिन होता. देवळात प्रत्येक आईला एक फूल दिलं. घरी आलो तर पायरीवर फिजोआच्या फळांच्या तीन पिशव्या. हंगाम आहे, सगळ्यांच्या झाडाखाली सडा पडलाय, पण दरवर्षी एक पिशवी यायची. आज सकाळी आणखी दोन. नोएलीनने फिजोआची चटणी करून बरण्या पाठवल्या. लाकडाच्या शेगडीसाठी कोणीतरी फोडलेली लाकडं मागच्या भिंतीला रचून गेलं. नाव नाही, गाव नाही.

निरोपाच्या भेटी लवकर सुरू झाल्या. माणसं चांगली आहेत, पण थोडं थांबायला काय हरकत होती. अजून त्याने हो म्हटलेलं नाही.

क्षितिजनेही बरण्या पाहिल्या. अभ्यासाच्या खोलीत जाऊन बसला.

१५ मे, गुरुवार

कॉलिन शिडी घेऊन आला. कॉलिन म्हणजे आमच्या मंडळीचा पंच. गाई विकून आता निवृत्त आहे, पण पहाटे उठायची सवय गेलेली नाही, त्यामुळे तो साडेसातलाच दारात. हे घर मंडळीचं आहे, पाळकाला राहायला दिलेलं. माझ्या खोलीवरची पन्हळ दोन हिवाळे गळते आहे. दोन वर्षं आम्ही सांगत होतो आणि कॉलिन "बघू, बघू" म्हणत होता. आज एका दिवसात सगळी पन्हळ बदलली. खिडकीच्या फटी बुजवल्या. भिंतीवरची बुरशी खरवडली.

नव्या पाळकाला घर नीट दिसावं म्हणून चाललंय हे उघड आहे. मी चहा दिला, आलं घालून. तो दोन कप प्यायला. मी म्हटलं, काम छान झालं. तो म्हणाला, "हिवाळा येतोय, मिसेस बी." मी म्हटलं, हो, येतोय.

मला राग आला होता, पण दाखवला नाही. माझ्या खोलीत दोन हिवाळे मी खोकले ते चाललं, आणि आता.

२१ मे, बुधवार

इर्माबाई गेल्या. वृद्धाश्रमात होत्या, नव्वदीच्या पुढे. शेवटच्या आठवड्यात त्या इंग्रजी विसरल्या आणि लहानपणीची जर्मन बोलू लागल्या. क्षितिजला जर्मन येत नाही, पण त्याने कुठूनतरी जर्मन गीतांचे शब्द मिळवले आणि रोज दुपारी जाऊन त्यांना गाऊन दाखवले. उच्चार कसे होते देव जाणे. तिथली नर्स मला म्हणाली, बाई डोळे मिटून ओठ हलवायच्या.

आज मयत. केल्विन ग्रोव्हला आडवा पाऊस आणि वारा, छत्र्या उलट्या होत होत्या. क्षितिजने झगा वर धरून चिखलातून पुढे जाऊन विधी केला, एकही वाक्य गाळलं नाही. त्याचा आवाज वाऱ्यातही ऐकू येतो, तो ह्यांचा आवाज आहे. इर्माबाईंचा मुलगा सिडनीहून आला होता. त्याने पाळकाचा हात धरला तो सोडेचना.

सगळे गाड्यांकडे गेले. मी गाडीत बसले तरी क्षितिज येईना. बघते तर तो ह्यांच्या दगडापाशी उभा, भिजत. बराच वेळ. दगड थोडा डावीकडे कललाय असं मला मागेच वाटलं होतं, तेच बघत असणार. गाडीत आल्यावर मी म्हटलं, कललाय ना. तो म्हणाला, "हं." मी म्हटलं, जायच्या आधी कौन्सिलला सांगून सरळ करून घेऊ. त्याने गाडी सुरू केली. सर्दी होणार त्याला.

२५ मे, रविवार

पुढच्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा आहे, बोलावण्याबद्दल. पाळकाने बाहेर थांबायचं आणि मंडळीने आपलं मत ठरवून त्याला कळवायचं, अशी रीत आहे. मी सभासद आहे त्यामुळे मलाही बसावं लागेल. आजवर कुठल्या सभेत मी बोललेली नाही.

नोएलीनने मला पेंटेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या, रविवारचा शास्त्रपाठ वाचायला दिला. आठ जूनला. तो पाठ परक्या देशांच्या नावांनी भरलेला असतो, म्हणून कोणी घ्यायला मागत नाही. जन्मापासून इंग्रजी बोलणारी माणसं त्या दिवशी पाठीचं दुखणं काढतात. मी विचारलं, मलाच का. त्या म्हणाल्या, "तुम्ही घरी तयारी करून येता म्हणून."

आठ जूनला आम्ही असू अजून. त्यानंतरचं माहीत नाही.

पायरीवर आज लोकरीचे मोजे. एक जोड त्याच्या मापाचा, एक माझ्या.

२८ मे, बुधवार

क्षितिजने ख्राइस्टचर्चला कोणाशीतरी बोलून माहिती काढली. तिथे मराठी ख्रिस्ती कुटुंबं आहेत, नगरकडची. महिन्यातून एकदा घरी जमून मराठी गीतं म्हणतात. मराठी मंडळही आहे. बस घराच्या दारातून जाते. दवाखाना जवळ. मला सगळं एकेक करून सांगितलं, जसं लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवायचा तसं.

"तुला बोलायला माणसं मिळतील, आई. मी दिवसभर बाहेर असतो."

मी म्हटलं, माझी काळजी करू नकोस, मी कुठेही राहीन. तुला आवडलंय ना, मग झालं. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ओके." आणि भांडी घासायला लागला. मी घासते म्हटलं तरी ऐकेना. घासलेलंच पातेलं परत घासत होता.

दुपारी पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. ह्यांची मराठी पुस्तकं, माझे शब्दकोश. एक खोकं भरलं, मग दुसरं काढलंच नाही. ह्यांच्याकडे जायचा वार काल होता, पण काल गेले नाही. गेले असते तर सांगावं लागलं असतं.

१ जून, रविवार

आज जे झालं ते सगळं लिहून ठेवते.

उपासना झाली. क्षितिज घरी गेला. आम्ही मागच्या हॉलमध्ये खुर्च्या गोल मांडल्या. नोएलीनने प्रार्थना केली आणि विचारलं, कोणाला काही म्हणायचं आहे का.

कोणाला काही म्हणायचं नव्हतं. हीटर टक टक करत होता. बऱ्याच वेळाने कोणीतरी म्हणालं की ख्राइस्टचर्चला दोन वर्षं पाळक नाही, आपण आडवं येणं बरं दिसत नाही. सगळ्यांनी मान हलवली. नोएलीन म्हणाल्या, मग असं नोंदवू या की पास्टर जे ठरवतील त्याचा मंडळी मान राखेल. पुन्हा माना. सभा संपल्यातच जमा होती. मग जाता जाता त्या म्हणाल्या, कॉलिन पुढच्या आठवड्यात पाळकाच्या घराच्या मागच्या खोलीत छताखाली लोकर घालणार आहे, गारवा येऊ नये म्हणून, तर मदतीला दोन माणसं हवीत.

मागची खोली म्हणजे माझी. मला राहवलं नाही. मी बसूनच म्हटलं, त्या खोलीसाठी इतकी मेहनत करू नका. नव्या पाळकाची आई असेलच असं नाही. ती खोली त्याला लागणारही नाही कदाचित.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कॉलिन म्हणाला, "कुठला नवा पाळक?"

मी म्हटलं, जो येईल तो. त्याच्यासाठीच पन्हळ बदललीत ना.

"तुमच्यासाठी बदलली. मागच्या हिवाळ्यात तुम्ही पूर्ण प्रवचनभर खोकत होता."

मी सरळच विचारलं. "म्हणजे आम्ही राहावं असं तुम्हाला वाटतं?"

"म्हणजे काय," कॉलिन म्हणाला. "ते दिसत नव्हतं का?"

मी म्हटलं, नाही. तुम्ही बोललाच नाहीत. माझ्या मुलाने तुम्हाला विचारलं होतं, आणि तुम्ही गेटच्या तेलाचं बोललात.

कॉलिनचा चेहरा लाल झाला. नोएलीन म्हणाल्या की बोलावणं आलेल्या पाळकावर दडपण आणू नये, त्यांच्या वडिलांच्या वेळेपासून सगळे असंच वागत आले आहेत. मी म्हटलं, मग त्या बरण्या? आम्हाला वाटलं निरोपाच्या.

"जाणाऱ्या माणसाला कोणी बरण्या देतं का, स्नेहा? वाटेत फुटतात," नोएलीन म्हणाल्या.

कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मला हसू आलं नाही, मी अजून हिशेब जुळवत होते. लाकडं, मोजे, सगळं. आमच्याकडे कोणी जाऊ नये असं वाटलं तर माणसं हात धरतात, रडतात, जेवायला बोलावून भांडतात. ही माणसं शिडी लावतात.

मग नोएलीनने विचारलं, "आणि तुम्ही? तुमचं मत काय?"

मी म्हटलं, मी पाळकाची आई आहे, मी बोलणं बरोबर नाही.

"तुम्ही सभासद आहात. सव्वीस वर्षं."

मराठीत मला पुष्कळ सांगता आलं असतं. इंग्रजीत एकच वाक्य तयार झालं. मी म्हटलं, "माझा नवरा केल्विन ग्रोव्हला आहे."

कॉलिनने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

नंतर ठराव झाला की पास्टरनी राहावं अशी मंडळीची इच्छा आहे आणि ती त्यांना स्पष्ट शब्दांत सांगावी. हात वर करायचे होते. माझाही हात वर होता, हे मला नोएलीनने मोजताना सांगितलं तेव्हा कळलं.

घरी आले तर क्षितिज मागच्या अंगणात सायकलची चेन साफ करत होता. नोएलीन येऊन सांगणारच होत्या, पण मी आधी पोचले. ठराव सांगितला. तो तसाच बसून राहिला, हातात फडकं.

मी म्हटलं, "आणि मलाही इथेच राहायचंय."

"तू आधी का नाही बोललीस? मी किती वेळा विचारलं तुला."

"तू दुकानांचं विचारलंस."

त्याने फडकं चेनवर टाकलं. मग म्हणाला, "आय थॉट यू वर लोनली, आई. बाबा गेल्यापासून तू मराठी बोलतेस ती फक्त माझ्याशी आणि विनिताताईशी."

"ह्यांच्याशी पण बोलते," मी म्हटलं. "दर मंगळवारी."

मग मी विचारलं की त्याला स्वतःला जायचं होतं ना. तो म्हणाला, नाही. मुळीच नाही. पण बोलावणं खरं आहे का हे पाळकाला लोकांच्या बोलण्यातून ऐकायचं असतं, आणि इथे कोणी ब्र काढेना. त्याला वाटलं, गप्प बसणं हेच उत्तर आहे. वर मी खोकं भरायला घेतलेलं त्याने पाहिलं.

बोलताना त्याने डोळे पुसले. चेनचं काळं तेल सगळं गालाला लागलं. मी म्हटलं, आधी तोंड धू.

३ जून, मंगळवार

ह्यांच्याकडे जाऊन आले. सगळं पहिल्यापासून सांगितलं, त्यामुळे एक बस चुकली. मागच्या आठवड्यात का आले नाही तेही सांगितलं. दगड खरंच कललाय.

क्षितिज दोन दिवस उपास करून प्रार्थना करतोय. मी म्हटलं, आता आणखी काय ठरवायचं आहे. म्हणाला, मंडळीला हवा आहे आणि आईला हवं आहे, एवढ्यावर पाळक बोलावणं नाकारत नाही, त्याला स्वतःला देवासमोर उभं राहावं लागतं. बरोबर आहे. पण मला दोन दिवस झोप लागलेली नाही. मी बोलले नसते तर निदान दोष माझा नसता. आता तो राहिला तरी माझ्यामुळे आणि गेला तरी माझं ऐकूनही गेला, असं होणार.

८ जून, रविवार

पेंटेकॉस्ट. मी शास्त्रपाठ वाचला. देशांची नावं सगळी आली, एकावर अडखळले, पण ते कोणाला कळण्यासारखं नव्हतं.

प्रवचनाआधी क्षितिजने सांगितलं की त्याने ख्राइस्टचर्चला नम्रपणे नकार कळवला आहे. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कोणी आमेन म्हटलं नाही. एकाने नाक शिंकरलं. मग तो प्रवचनाला लागला आणि नेहमीपेक्षा पाच मिनिटं जास्त बोलला.

चहाला विनिता आली होती, मुद्दाम. देवळात पहिल्यांदाच. तिने चौकशी केली की एवढ्या मोठ्या बातमीवर लोक चहाच पितायत का. मी म्हटलं, थांब, बघ. कॉलिन आला आणि क्षितिजला म्हणाला की वसंतात घराची उत्तरेची बाजू रंगवायला घेऊ. "स्वीट अ‍ॅज," क्षितिज म्हणाला, म्हणजे झकास. मी विनिताला म्हटलं, झाली काउंटर-ऑफर.

१० जून, मंगळवार

दुपारी घरचा फोन वाजला. क्षितिज शाळेत मुलांना शिकवायला गेला होता. मी उचलला. ख्राइस्टचर्चच्या मंडळीची सेक्रेटरी होती, बेव्ह नावाची. आवाजावरून माझ्याच वयाची. पास्टरचं पत्र मिळालं, एवढं सांगायला फोन केला होता. कुठेही राग नव्हता. म्हणाली, ऑल गुड, आम्ही समजू शकतो.

मग म्हणाली, "तुम्ही त्यांची आई ना? आम्ही तुमच्यासाठी खोली रंगवली होती. पिवळी. रिकार्टनच्या दुकानातल्या एका बाईंना विचारलं, तुमच्याकडच्या बायकांना कुठला रंग आवडतो. त्या म्हणाल्या पिवळा." आणि हसली. "त्या तुम्हाला भेटायला येणार होत्या."

मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, नाही, नाही, तसं नव्हे, फक्त सांगितलं.

तिने त्यांच्या मंडळीचं थोडं सांगितलं. दोन वर्षं ती आणि आणखी दोघी पाळीपाळीने कुणाचंतरी लिहून आलेलं प्रवचन वाचून दाखवतात. मागच्या महिन्यात एक मयत झाली, ती दुसऱ्या पंथाच्या पाळकाने केली. त्याने चांगली केली, पण त्याला त्या माणसाची ओळख नव्हती. मी ऐकत होते. मला इर्माबाई आठवल्या.

शेवटी ती म्हणाली, आमच्यासाठी प्रार्थना करा. मी हो म्हटलं.

माणसं हो म्हणतात आणि विसरतात, म्हणून फोन ठेवून तिथेच खुर्चीवर बसले आणि केली. काय मागायचं ते नीट सुचेना. जे मला हवं होतं ते मला मिळालं होतं, आणि ते त्यांच्याकडून गेलं होतं. शेवटी म्हटलं, प्रभू, बेव्हच्या मंडळीला पाळक दे, लवकर दे. त्याची आई असेल तर तिला आधी विचार. आमेन म्हटलं आणि कुकर लावला.